जुनी चिठ्ठी फाडायची नसते

दुपारपासून पावसाची नुसती पिरपिर चालली होती. धड कोसळत नव्हता, धड थांबत नव्हता. औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून नव्हतं, मालक आतल्या खोलीत पेंगत होते, आणि ती काउंटरमागे बसून खोकल्याच्या बाटल्यांवर डकवायच्या चिठ्ठ्या लिहीत होती. दोन चमचे, दिवसातून तीनदा, हलवून घ्यावे. दोन चमचे, दिवसातून तीनदा...

अक्षर कसं, मोत्यासारखं. लहानपणापासून वडिलांच्या डब्यांना, बाटल्यांना, टाचण्यांना चिठ्ठ्या लिहायचं काम तिचंच. म्हणून घरात तिला सगळे चिठ्ठीच म्हणायचे. दुकानातही तेच नाव चिकटलं. सहा वर्षांत एकही बाटली चुकीच्या चिठ्ठीनिशी बाहेर गेली नाही, असं मालक कौतुकाने सांगायचे. त्या कौतुकाने तिचा चेहरा का उतरतो, ते मात्र त्यांना कधी कळलं नाही.

दार ढकलून एक तरुण आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत वाळक्या पानाचा तुकडा, आणि चष्म्यावर पाण्याचे थेंब.

"रिकाम्या बाटल्या मिळतील का? अगदी लहान. बूच घट्ट बसणाऱ्या."

"किती?"

"चाळीस."

तिने मान वर केली. "आजारी कोण आहे — अख्खं गाव?"

"आजारी कोणीच नाही. ज्यांना आत घालायचंय ते ठणठणीत आहेत." तो जरासा घुटमळला. "म्हणजे... घालेपर्यंत तरी."

ती हसणार, एवढ्यात तिची नजर त्याच्या हातावर गेली. "हलू नका."

"का? काय झालं?"

"उजवी बाही. हलू नका म्हटलं ना!"

तिने डिंकाच्या बाटलीतली ब्रशची काडी उचलली, पाण्यात बुडवली, आणि त्याच्या बाहीवरून मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढं तपकिरी काहीतरी अलगद टिपलं. उजेडाकडे धरून डोळे बारीक केले.

"अळंबी पोखरणारा भुंगेरा आहे. डोक्यावर शिंगं दिसत नाहीत... मादी असावी."

तो तिच्याकडे बघतच राहिला. चष्मा पुसायचंही भान त्याला उरलं नाही. "तुम्हाला कसं कळलं?"

"मास्तरांची मुलगी आहे मी."

"भुंगेऱ्यांचे मास्तर? ते — तुमचे वडील?" तो एकदम काउंटरवर वाकला. "अहो, मी त्यांनाच भेटायला आलोय!"

"उशीर केलात," ती हळूच म्हणाली. "दीड वर्ष झालं त्यांना जाऊन."

बाहेर पन्हाळीचं पाणी टपटपत होतं. त्याने भिजलेली टोपी दोन्ही हातांत धरली. मग खालच्या आवाजात, जणू तिची क्षमा मागावी तसा, म्हणाला, "त्यांच्या भुंगेऱ्यासाठी आलोय मी. टेकडीमागच्या रानातल्या."

तिच्या बोटांतलं पेन तसंच कागदावर टेकून राहिलं. उचललं तेव्हा "तीनदा"वर शाईचा मोठा डाग पडला होता.

*

गोष्ट अशी होती. बारा वर्षांपूर्वी मास्तरांनी एक भुंगेरा शोधला. दोन मिलिमीटरचा, नराच्या कपाळावर दोन शिंगं आणि त्यांच्यामध्ये सोनेरी केसांचा झुपका. तो आधी कोणाला सापडला नव्हता. शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या साध्या माणसाचं नाव मोठमोठ्या संग्रहालयांच्या याद्यांत गेलं. भुंगेऱ्याचं ठिकाण लिहिलं गेलं — टेकडीमागचं रान. त्या एका ओळीमुळे बारा वर्षं त्या रानातल्या वठलेल्या झाडांना कोणी हात लावला नव्हता.

आता वनखात्याला ती झाडं तोडायची होती. वठलेलं झाड म्हणजे मेलेलं झाड, कधी कोणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही, असं साहेबांचं म्हणणं. खोडांवर लाल फुल्याही मारून झाल्या होत्या. मास्तरांचा भुंगेरा अजून तिथे आहे की नाही, एवढं तपासून दोन महिन्यांत अहवाल द्यायला या तरुणाला पाठवलं होतं. आहे म्हणाला तर झाडं राहणार. नाही म्हणाला तर करवत.

"मग या की घरी," चिठ्ठीची आई म्हणाली. तो दुसऱ्याच दिवशी दारात उभा होता. "मास्तरांचा मायक्रोस्कोप नुसता धूळ खातोय. पण बूट बाहेर काढा. मास्तरांनी तीस वर्षं माझ्या घरात रान आणलं, आता तुम्ही नका आणू."

आईने त्याचं नाव 'भुंगेरेवाले' ठेवलं. महिन्याभरात 'आमचे भुंगेरेवाले' झालं.

मास्तरांची खोली मागच्या अंगाला होती. एक खिडकी, एक लांब टेबल, आणि भिंतभर फळ्या. तो रानातून अळंब्या आणायचा. खोडाला फळीसारख्या चिकटणाऱ्या, लाकडासारख्या कडक. त्या डब्यांत ठेवायच्या, झाकणाला बारीक भोकं पाडायची, आणि वाट बघायची. आतले भुंगेरे आपल्या सवडीने बाहेर येतात. त्यांना घाई नसते. दुकान सुटलं की ती खोलीत येऊन चिठ्ठ्या लिहायला बसे. कुठलं रान, कुठलं झाड, कुठली अळंबी, तारीख, कोणाला सापडलं.

"मादी चालत नाही का ओळखायला?" एकदा तिने विचारलं. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"माद्या सगळ्या सारख्याच दिसतात. नर मिळाला की शिंगांवरून नाव सांगता येतं."

"शिंगं कशाला लागतात त्यांना?"

"मादीपुढे मिरवायला. दुसऱ्या नराला ढकलायला."

"आणि ज्याला शिंगं नसतील त्याने काय करायचं?"

तो मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता म्हणाला, "औषधांच्या दुकानात जाऊन चाळीस बाटल्या मागायच्या."

ती चिठ्ठीवर खाली वाकली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या...

सुट्टीच्या दिवशी ती त्याच्याबरोबर रानात जाई. आभाळ नेहमी खाली उतरलेलं. झाडांमधून धुकं वाहायचं, पायाखाली पानं पचपचायची. वठलेल्या खोडांवर अळंब्यांच्या उतरंडी, आणि अळंबीच्या पोटाशी टाचणीने टोचल्यासारखी भोकं.

"लोक याला मेलेलं झाड म्हणतात," तो खोडावर हात ठेवून म्हणायचा. "झाड लाकूड सोडतं, लाकूड अळंबी खाते, अळंबीला भुंगेरे खातात. भुंगेऱ्यांच्या मागे पाखरं. जिवंत झाडावर एवढी वर्दळ नसते हो."

"तुम्ही माणसांशीही एवढं बोलता का कधी?"

"नाही." त्याने हातावरचा लाकडाचा भुगा झटकला. "इथे आल्यापासून बोलायला लागलोय."

उतारावर निसरडं होतं. त्याने हात पुढे केला, तिने धरला. सपाटीवर आल्यावरही... कोणीच सोडला नाही.

*

पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिला फळी दिसायची.

बारा वर्षांपूर्वीची फळी. ती चौदा वर्षांची होती. मास्तरांची एक सवय होती. डब्याला चिठ्ठी लावायची नाही, डब्याखाली फळीच्या कडेला लावायची. डबा पुन्हा वापरता येतो म्हणून. घर आवरताना तिने फळी पुसायला दोन डबे खाली उतरवले. एक टेकडीमागच्या रानातला, एक नदीकाठच्या रानातला. दोन्ही सारखे, आतली अळंबीही एकाच जातीची. फळी पुसून झाली, आणि कुठला डबा कुठे होता तेच आठवेना. ती बराच वेळ उभी राहिली. मग अंदाजाने ठेवून दिले.

दहा दिवसांनी टेकडीच्या चिठ्ठीवरच्या डब्यातून तो भुंगेरा निघाला. मास्तर घरभर लहान पोरासारखे नाचले. आईने शेजाऱ्यांना बोलावलं. तेव्हा कसं सांगणार? उद्या सांगू म्हणाली. मग पत्रं आली, वर्तमानपत्रात फोटो आला. उद्याचे महिने झाले. त्यानंतर मास्तर दर पावसाळ्याअखेर टेकडीच्या रानात जायचे, रित्या हाताने परत यायचे आणि म्हणायचे, "लबाड आहे. लपून बसतो."

आणि दोन वर्षांनी नदीकाठचं रान तोडलं. तिथे कोणाचा काहीच शोध नोंदलेला नव्हता, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. आता तिथे पत्र्याची गोदामं होती. कामावर जाताना ती वाट वाकडी करून दुसऱ्या रस्त्याने जायची.

तो पहिला डबा मास्तरांनी शेवटपर्यंत जपला होता. आतली अळंबी पोखरून भुगा झाली की शेजारी तसल्याच अळंबीचा नवा तुकडा ठेवायचे. शेवटच्या आजारपणाआधी एक भलामोठा तुकडा ठेवला आणि तिला म्हणाले, "झाकणातल्या कापसावर रोज दोन थेंब पाणी. विसरू नकोस." ती विसरली नाही. दिवेलागणीला हातपाय धुऊन ती डब्यापुढे बसायची, झाकणाच्या भोकांतून दोन थेंब सोडायची, डोळे मिटून घटकाभर हात जोडायची. डबा उघडायचं धाडस मात्र तिचं झालं नाही. नवा तुकडा मिळाल्याशिवाय आत आता काय उरलं असणार? उरलंच असेल तर आपली चूक...

त्याने एकदा विचारलं होतं, "त्या कापडाखाली काय आहे?"

"बाबांचं आहे. ते राहू दे."

त्याने पुन्हा विचारलं नाही.

*

सातवा आठवडा संपत आला. त्याने भरून ठेवलेल्या तीसच्या तीस डब्यांतून भुंगेरे निघून झाले होते. काळे, तपकिरी, लांबोडके, गोलसर. सोनेरी झुपकेवाला एकही नव्हता. त्याचे डोळे खोल गेले होते.

संध्याकाळी तो टेबलावरचे कागद आवरत म्हणाला, "उद्या अहवाल लिहितो. भुंगेरा असण्याची दाट शक्यता आहे, असं लिहितो."

"पण सापडला कुठे?"

"माझा डोळा कच्चा. मास्तर चुकायचे नाहीत." तो उगाच पेन्सिली एका रांगेत लावत राहिला. "आणि... अहवाल गेला की तुमच्या आईंना एक विचारायचं होतं. त्याआधी खरं तर तुम्हालाच..."

"थांबा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "त्याच्याआधी माझं ऐका. ऐकल्यावर विचारायचं असेल तर विचारा."

आणि तिने सांगितलं. फळी, ओलं फडकं, दोन डबे, अंदाज. नदीकाठचं रान. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, खिडकीच्या काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत होती. सांगून झाल्यावर खोलीत एवढी शांतता पसरली की एका डब्यातलं कुरतडणं ऐकू आलं.

"म्हणजे तो इथे कधी नव्हताच," तो अखेर म्हणाला.

"नक्की माहीत नाही. पण बारा वर्षांत इथे कोणाला सापडला नाही... नसावा."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कोट उचलला. दारात बूट घालताना आईने विचारलं, "अहो, जेवून नाही का जात?" त्याने नुसती मान हलवली आणि पावसात निघून गेला. टोपी खुंटीलाच राहिली.

आईने पोरीचा चेहरा बघितला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. त्या दिवशी चिठ्ठीने आईलाही सगळं सांगून टाकलं. ऐकताना आई पदर नीट करत राहिली.

"तेव्हाच बोलली असतीस ना," ती मग म्हणाली, "तर ते ओरडले असते, आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते. एवढंच झालं असतं गं, बाई..."

त्या 'एवढंच'ने चिठ्ठीला जे रडू फुटलं, ते वडील गेले तेव्हाही फुटलं नव्हतं.

*

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, दुकान बंद असताना, घराचं दार वाजलं. तो होता. नखशिखांत भिजलेला.

"टोपी न्यायला आलात?" तिने विचारलं. दुसरं काही सुचेना.

"गोदामांकडे गेलो होतो. दोन दिवस. कुंपणामागे, गटाराकाठी, जिथे झाड उरलंय तिथे. एकच खुंट सापडला. त्याच्यावर अळंबी नाही." तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. "मला राग आला होता तुमचा."

"येणारच."

"भुंगेऱ्यासाठी नाही. सात आठवडे तुम्ही माझ्यासमोर बसून चिठ्ठ्या लिहिल्यात. मी रोज रिकाम्या हाताने यायचो, आणि तुम्ही मला म्हणायचात, उद्या मिळेल."

"मला वाटायचं, मिळाला तर... खरंच इथे असला तर... मी सुटेन."

तो खाली वाकून बूट काढायला लागला. तिच्या छातीतला दगड तेवढ्यानेच थोडा हलला.

खोलीत जाऊन त्याने मास्तरांचा खण ओढला. मधोमध त्या पहिल्या भुंगेऱ्याची टाचणी होती. टोकाशी कार्डाचा तुकडा, त्यावर चिकटवलेला भुंगेरा, आणि खाली तिच्याच चौदा वर्षांच्या अक्षरातली चिठ्ठी. टेकडीमागचं रान.

तिने चिमटा उचलला. "फाडून टाकते ही."

"अंहं!" त्याने तिचं मनगट धरलं. "जुनी चिठ्ठी फाडायची नसते. मास्तरांनी नाही शिकवलं? कितीही चुकीची असली तरी तिच्याखाली दुसरी लावायची. काय चुकलं, कोणी दुरुस्त केलं, कधी. पुढच्या माणसाला दोन्ही वाचता आल्या पाहिजेत."

"म्हणजे चूक कायम दिसत राहणार."

"हो. आणि दुरुस्तीही."

तिने लिहायला घेतलं. नखाएवढ्या कागदावर, सुईसारख्या निबाने. नदीकाठचं रान असावं. डबे बदलले गेले. आज दुरुस्त केलं. आणि खाली आपलं नाव. या वेळी डाग पडला नाही. त्याने टाचणी धरली, तिने चिठ्ठी खालून वर सरकवली. दोघांची डोकी एकमेकांना लागली, आणि दोघांनीही ती मागे घेतली नाहीत.

"तो पहिला डबा मास्तरांनी टाकला असेल ना?" त्याने हळूच विचारलं.

तिने उठून कोपऱ्यातलं कापड काढलं.

"आत काही नसेल," ती घाईघाईने म्हणाली. "दीड वर्ष नवा तुकडा नाही. नुसतं पाणी घालतेय मी."

"रोज?"

"बाबांनी सांगितलं होतं. नेम आहे माझा."

त्याने झाकण उघडलं, अळंबी उचलली. तळाशी भुगा होता. त्याने चिमूटभर भुगा पांढऱ्या कागदावर घेतला, बोटाने पसरला, आणि कागद खिडकीकडे ओढला.

"जुना भुगा काळपट पडतो. हा बघा — पिवळा. ताजा आहे!"

त्याने अळंबी कागदावर हलकेच आपटली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिळाएवढं काहीतरी पडलं, पाय आवळून निपचित पडून राहिलं. दोघं वाकून बघत होते. मग भुंगेऱ्याने पाय सोडले आणि तो तुरुतुरु चालायला लागला. त्याने चष्मा कपाळावर चढवून भिंग तिच्या हातात दिलं.

"तुम्ही बघा आधी."

दोन शिंगं. आणि त्यांच्यामध्ये, त्या राखाडी उजेडातही, सोनेरी झुपका.

"आई!" तिने हाक मारली. "आई, लवकर ये..."

*

सगळं काही गोड झालं, असं नाही. अहवालात त्याने खरं तेच लिहिलं — टेकडीमागच्या रानात भुंगेरा नाही, कधी असल्याचा पुरावाही नाही. साहेबांनी करवती पाठवल्या. ओढ्याच्या खोलगट भागातली, वाटेपासून दूरची अकरा वठलेली झाडं तेवढी सोडायला ते कसेबसे कबूल झाले, तेही पुढच्या वर्षापर्यंत. डब्यातली अर्धी अळंबी दोघांनी त्यातल्या एका खोडाला, तसल्याच अळंबीशेजारी, सुतळीने बांधली. अर्धी डब्यात राहिली. जगतील की नाही, कोणी सांगू शकत नव्हतं. परतताना टेकडीपलीकडून करवतींचा आवाज येत होता, आणि दर थोड्या वेळाने एकेक झाड पडल्याचा. प्रत्येक वेळी तो तिचा हात किंचित घट्ट धरायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. दूरचं दुसरं रान, चार महिन्यांचं काम. बस धुक्यात उभी होती.

"आईंना विचारायचं राहिलंच," तो म्हणाला.

"मला विचारायचंही राहिलंय."

"हो." त्याने खिशातून काहीतरी काढून तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं मिटवली. "मी गेल्यावर बघ."

पहिल्यांदाच 'बघ' म्हणाला होता. बसचे दिवे धुक्यात विरेपर्यंत तिने मूठ उघडली नाही.

दुकानातलीच एक लहानशी बाटली होती. आत बुचाला टोचलेली टाचणी, टोकाशी कार्डावर तपकिरी भुंगेरा, आणि खाली त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरातली चिठ्ठी:

*ठिकाण — औषधांचं दुकान. कशावर — उजवी बाही. कोणाला सापडली — चिठ्ठीला. मादी. नाव — नक्की नाही. दुरुस्ती असल्यास खाली जोडावी.*

चार महिने बाटली काउंटरवर, शाईच्या दौतीशेजारी राहिली. घरी डब्यावर रोज दिवेलागणीला दोन थेंब पाणी, घटकाभर जोडलेले हात. नेम चुकला नाही. ओढ्यावरच्या खोडाशी ती दर सुट्टीला जाई. एकदा अळंबीखाली बोट फिरवलं, तर टोकाला पिवळा भुगा लागला. दुसऱ्या दिवशी तिने दुकानात येऊन नखाएवढा कागद कापला, निब बुडवली, आणि त्याच्या चिठ्ठीखाली दुसरी लावली. आपलं नाव, आजची तारीख, आणि वर एकच ओळ —

*नक्की आहे. आईला विचारायला ये.*

मग ती बाटली तिने कापसात गुंडाळली, डब्यात घातली, वर पत्ता लिहिला, आणि अवकाळी पावसातच टपालाच्या पेटीकडे निघाली.